विषय क्रमांक चार

करावे गावात, बर्फाच्या गोदामावर
आमच्या क्लबाची खोली.
सात खुर्च्या, आठ माणसं,
ट्रॉफ्यांवर जुने पेपर टाकलेले.
मी चिटणीस. इतिवृत्त माझ्या हातात,
म्हणून माझं मत सहसा कोणी विचारत नाही.

विषय एक : गोलाच्या जाळीची दुरुस्ती.
(घरोघर जाळी विणणारी बोटं,
आणि आमचा गोल वर्षभर फाटका.)
विषय दोन : सिडकोचं पत्र, मैदान रिकामं करा.
विषय तीन : सिडकोचं आणखी एक पत्र.
विषय चार : पास्कल तुस्कानो,
कोच म्हणून घ्यावा की घेऊ नये.

वाशीच्या क्लबाने त्याला मंगळवारी काढलं.
मोबाइलवर दोन ओळी, शेवटी जोडलेले हात.
अकरा सामने, त्यात दोन जिंकलेले,
आणि शेवटचा आमच्याशी. पाच-शून्य.
पाचवा तर आमच्या गोलकीपरने मारला,
पेनल्टीवर, हसत हसत.
त्या रात्री बेंजो लावून नाचलो आम्ही,
पोलिसांची गाडी येईपर्यंत.

पद्माकर तांडेल खुर्ची मागे ढकलून म्हणाला,
"आपूनच पारला,
न आता आपूनच उचलाचा?"
यावर कोणी बोललं नाही. खाली बर्फ फोडत होते.

खजिनदाराने आकडा टाकला : पंधरा हजार, वर पेट्रोल.
पडलेला माणूस आहे, बारालाही येईल.
तेव्हा मंदाकिनीबाई, ज्यांचा मुलगा उजवीकडून पळतो
आणि ज्यांचं सगळं आयुष्य टोपलीमागे गेलं, म्हणाल्या,
संध्याकाळची मासळी स्वस्त असते,
ती शिळी असेलच असं नाय.
कल्ला उघडून बघा आधी.

मग बराच वेळ सगळे कल्ला उघडून बघत राहिले.
त्याची बचावफळी फार पुढे उभी राहते.
तो पोरांना ओरडत नाही, हा गुण की दोष?
वसईहून येणार, रोज, कसा?
वाशीवाल्यांनी त्याला पगार तरी वेळेवर दिला होता का?
आणि आत्ता आपल्याकडे कोण आहे?
निशिकांतचा मेहुणा आहे,
तो शिट्टी वाजवतो आणि फोनवर बोलतो.

भाविक चहा घेऊन आला होता. सोळा वर्षांचा, लेफ्ट बॅक.
त्याला कोणी विचारलं नव्हतं.
"सामना संपल्यावर तो माझ्याकडे आला.
मला वाटलं, शिव्या घालणार.
म्हणाला, पास द्यायच्या आधी तू डावा पाय उघडतोस,
बॉल कुठे जाणार ते मला बाकावरून दिसतं.
माझ्या पोरांना दिसत नाही, ते जाऊ दे."

हसले सगळे. पद्माकर नाही.
"ज्याला दिसतं पन जिंकता येत नाय,
तो आपल्या काय कामाचा?"
प्रश्न बरोबर होता.
मी तो जसाच्या तसा लिहिला,
पुढे दोन ओळी मोकळ्या सोडल्या.
भाविकने उजव्या पायावर भार घेतला, मग डाव्या,
कप गोळा केले आणि गेला.

ठराव : निर्णय पुढील सभेत.
सूचक तांडेल. अनुमोदक, चहा संपल्यामुळे, सगळे.

कुलूप लावायला मीच मागे उरतो.
ड्रॉवरमध्ये त्याचं स्टॉपवॉच आहे, निळ्या दोरीचं.
पाच-शून्यच्या दिवशी पाहुण्यांच्या बाकाखाली सापडलं,
चालू स्थितीत.
शिट्टी झाल्यावर बंद करायचं राहून गेलं असणार,
किंवा त्याला अजून वेळ मिळेल असं वाटलं असणार.
नऊ दिवस झाले. चोवीस तास भरले
की ते आपलं आपण शून्यावर जातं
आणि पुन्हा धावायला लागतं, कोणी दाबलेलं नसताना.
हे मी सभेत सांगितलं नाही.
ते कुठल्या विषयाखाली येतं, कळेना.

उद्या त्याला फोन करतो.
घड्याळ परत द्यायचं आहे, एवढंच सांगेन.
म्हणेन, मैदानावरच या.
सहा वाजता. तेव्हा पोरं असतात.